चौकटींतील शिवार

मुलांनो, जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात अथवा एखाद्या मंदिराच्या सभामंडपात नक्षीदार फरशी बसवलेली तुम्ही पाहिली असेल. ती बारकाईने न्याहाळली, तर एक गंमत ध्यानी येते. पुष्कळदा एका फरशीवर पुरते फूल नसतेच. तिच्या प्रत्येक कोपऱ्यात फुलाचा केवळ चौथा हिस्सा असतो. अशा चार फरश्या एकमेकींस भिडल्या, म्हणजे त्यांच्या मधोमध फूल पूर्णपणे उमलते. परदेशी फरशीला स्वदेशी पर्याय असावा, या हेतूने फिरोजशा व रुस्तम सिधवा यांनी १९२२ साली सिमेंटच्या नक्षीदार फरश्या घडवण्याचा उद्योग आरंभिला. फरशीचा साचा एक, पण तिने नटलेली दालने अनेक, ही या कलेची थोरवी होय.

हीच युक्ती आज एका अगदी निराळ्या क्षेत्रात वापरली जाते. काही व्हिडिओ गेम असे असतात, की त्यांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो आणि रानावनांतून, नद्या ओलांडीत, गावोगाव भ्रमण करतो. पडद्यावरची ती विस्तीर्ण भूमी चित्रकाराने एकसंध रंगवलेली असते, असे आपल्याला वाटते. वस्तुतः तीही लहान लहान चौरस चित्रांनी रचलेली असते. या चौरसास टाइल, म्हणजेच फरशी, असे म्हणतात.

संगणकाच्या पडद्यावरील चित्र सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. अशा एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श या अभियंत्याने आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले. त्याची लांबी व रुंदी प्रत्येकी अवघे १७६ ठिपके होती. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या आपल्या मायबहिणींना मात्र ठिपक्यांतून आकृती उभी करण्याची विद्या फार पूर्वीपासून अवगत आहे!

प्रारंभीच्या गेमयंत्रांची स्मरणशक्ती फार तोकडी होती. १९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीचे एक यंत्र बाजारात आले. त्याच्या चित्रात एका आडव्या ओळीत २५६ ठिपके असत आणि अशा २४० ओळी असत. इतके ठिपके प्रत्येक देखाव्यासाठी वेगवेगळे साठवून ठेवणे त्या यंत्रास परवडणारे नव्हते. म्हणून प्रत्येक बाजूस आठ ठिपके असलेल्या फरश्या एकदाच काढून ठेवीत आणि त्याच पुनःपुन्हा मांडून देखावा सजवीत. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळात तर आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांचा आकार एकच आहे; ढगास पांढरा रंग दिला आणि झुडपास हिरवा, एवढेच! १९८६ साली आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट' या भूमिकेच्या खेळातील गवत, डोंगर आणि समुद्रही अशाच फरश्यांनी रचलेले आहेत. साधने अपुरी असली म्हणजे बुद्धीला धार चढते, हेच खरे.

आज यंत्रे सामर्थ्यवान झाली, तरी ही कला लोपली नाही. कारण ती आलेख कागद आणि चार रंगीत पेन्सिली एवढ्या भांडवलावर कोणासही शिकता येते. शिवाय तिची आपल्याला एक विशेष गरज आहे. या खेळांत दगडी गढ्या, सूचिपर्णी वने आणि हिमाच्छादित शिखरे वारंवार भेटतात. तापीचा काठ, कपाशीचे काळे रान आणि केळीची बाग मात्र तेथे सहसा आढळत नाही. ज्याच्या हाती कुंचला, त्याचीच भूमी चित्रात उतरते. तेव्हा खानदेशाची भूमी पडद्यावर यावी असे वाटत असेल, तर ती रेखाटण्याचे काम खानदेशच्या मुलांनीच शिकले पाहिजे. चला, आपण भुसावळ तालुक्यातील वरणगावचे शिवार रचू या.

काळी जमीन. आलेख कागदावर प्रत्येक बाजूस सोळा घरे येतील असा चौरस आखा. त्यात एकंदर २५६ घरे होतील. एक घर म्हणजे एक ठिपका. घर भरायचे तर पुरते भरायचे, अर्धे नाही. आपली जमीन काळी म्हणून तुम्ही काळा रंग उचलाल, पण थांबा. सर्व घरे काळी केलीत, तर उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा कोणत्या रंगाने दाखवाल? काळ्याहून गडद रंग कोठून आणणार? म्हणून जमिनीस गडद तपकिरी रंग द्या, ढेकळांच्या माथ्यावर किंचित फिकट छटा द्या आणि काळा रंग भेगांसाठी राखून ठेवा. तीन छटा पुरेत. सूर्य डावीकडे वर आहे असे एकदा ठरवले, की प्रत्येक फरशीत उजेड डावीकडे व सावली उजवीकडे पडली पाहिजे. एकाच रानात दोन सूर्य नसतात!

सांधा. आता खरी परीक्षा येते. एक भेग उजव्या कडेला वरून सहाव्या घरात संपत असेल, तर डाव्या कडेलाही सहाव्याच घरातून ती पुढे निघाली पाहिजे. कारण हीच फरशी स्वतःच्याच शेजारी बसणार आहे. वरच्या व खालच्या कडांनाही हाच नियम लागू आहे. सांधा तपासण्याची एक सोपी रीत आहे. चौरसाचे मधोमध कापून चार समान तुकडे करा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतील तुकड्यांची अदलाबदल करा. आतापर्यंत बाहेर असलेल्या कडा मध्यभागी येऊन एकमेकींस भिडतील आणि जे जुळत नाही ते लगेच डोळ्यांत भरेल. तेथील रंग दुरुस्त करा. बाहेरच्या कडांना मात्र हात लावू नका. दुरुस्त झालेले चित्र नव्या कागदावर उतरवून घ्या, की निर्दोष फरशी तयार झाली.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. फरशीवर एखादा ठसठशीत पांढरा दगड काढलात, तर एकट्या फरशीवर तो शोभून दिसेल. परंतु तीच फरशी शंभर वेळा मांडताच दगडांची पलटण कवायतीला उभी राहिल्यासारखी दिसेल. म्हणून जमिनीची फरशी साधी ठेवावी, तिचे तीन प्रकार करावेत आणि ते मिसळून मांडावेत.

रूळ. वरणगाव हे भुसावळ–नागपूर लोहमार्गावरील स्थानक आहे. तेव्हा रुळांवाचून आपले चित्र अपुरेच राहील. आडवे रूळ दोन ओळींत भरा आणि त्यांखाली उभे स्लीपर टाका. पहिला स्लीपर पहिल्या घरात घेऊन पुढचे दर पाच घरांनी टाकले, तर ते १, ६, ११ व १६ या घरांत येतील. पुढच्या फरशीचा पहिला स्लीपर या सोळाव्यास अगदी चिकटून बसेल आणि मार्ग बिघडेल. दर चार घरांनी टाकले, तर ते १, ५, ९ व १३ या घरांत येतील आणि मार्ग कितीही लांबवला तरी अंतर सारखेच राहील. चार हा सोळाचा विभाजक आहे, पाच नाही. गणिताच्या तासाला शिकलेले विभाजक चित्रकलेतही असे उपयोगी पडतात.

नदीचा काठ. वरणगावच्या उत्तरेस तापी वाहते. निळ्या पाण्याची फरशी काळ्या जमिनीस थेट भिडवली, तर नदी पाटीवर आखल्यासारखी सरळ दिसेल. म्हणून दोहोंच्या मध्ये काठाची फरशी हवी. तिच्यात अर्धी जमीन, अर्धे पाणी आणि मध्ये ओल्या वाळूची वाकडी रेघ असावी. जमीन वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे असेल, त्याप्रमाणे अशा चार फरश्या झाल्या. जेथे जमिनीचे टोक पाण्यात घुसते, तेथील कोपऱ्यांसाठी आणखी चार आणि जेथे पाणी जमिनीत शिरते, तेथील कोपऱ्यांसाठी चार, अशा एकूण बारा फरश्या लागतात. एवढ्यावर नदीला हवे तसे वळण देता येते. पाण्याची एक व जमिनीच्या तीन मिळून जितक्या फरश्या होतात, त्याच्या तिप्पट फरश्या एकट्या काठाला लागतात!

आकड्यांचा नकाशा. आता प्रत्येक फरशीस क्रमांक द्या. समजा, ० म्हणजे काळी जमीन, १ म्हणजे रूळ, २ म्हणजे काठ, ३ म्हणजे पाणी आणि ४ म्हणजे कपाशी. मग शिवाराचा एक तुकडा असा लिहिता येईल :

३ ३ ३ ३ ३ ३
२ २ २ २ २ २
० ० ४ ४ ४ ०
० ० ४ ४ ४ ०
१ १ १ १ १ १

संगणक साठवतो ते हेच आकडे. ४ च्या जागी ० लिहिला, की कपाशीचे रान मोकळे झाले!

केळीची बाग. केळ एका फरशीत मावत नाही. खालच्या फरशीत बुंधा व वरच्या फरशीत पाने घ्यावी लागतात. पानांची फरशी वेगळ्या थरावर ठेवतात आणि तिच्यातील रिकामी घरे पारदर्शक राखतात. त्यामुळे खेळातील पात्र बागेतून चालू लागले, की पानांआड दडते आणि पुढे जाताच पुन्हा दिसू लागते. सपाट चित्रास खोली येते, ती अशी.

आता आपल्या श्रमांचा हिशेब मांडू. जमिनीच्या तीन, पाण्याची एक, काठाच्या बारा, रुळांची एक, कपाशीची एक व केळीच्या दोन, अशा वीस फरश्या झाल्या. त्यांत ५,१२० घरे भरावी लागली. तेवढ्याच फरश्यांनी आडव्या वीस व उभ्या पंधरा, अशा तीनशे जागा असलेले शिवार भरते. ते एकसंध रंगवायचे तर ७६,८०० घरे, म्हणजे पंधरापट, भरावी लागली असती.

मात्र हा लाभ सांध्यावर अवलंबून आहे, हे विसरू नका. फरशी एकटी कशी दिसते यावरून तिची किंमत ठरत नाही. शेजारणीशी ती कशी जुळते यावरून ठरते. आलेख कागदावर पहिले घर भरण्यापूर्वी एकदा शिवारात जाऊन या. ढेकळावर ऊन कोठे पडते, भेग कशी वळते, ओली वाळू कोणत्या रंगाची दिसते, हे डोळे भरून पाहा. मग परत या आणि पेन्सील हाती घ्या.

स्वाध्याय

शब्दार्थ : शिवार – गावाभोवतालची शेतजमीन, गढी – लहान किल्ला, सूचिपर्णी – सुईसारखी पाने असलेले, तोकडी – अपुरी, पलटण – सैनिकांची तुकडी, विभाजक – ज्याने संख्येस निःशेष भाग जातो तो अंक.

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) जुन्या गेमयंत्रांत फरश्यांची युक्ती का योजावी लागली?
(आ) जमिनीच्या फरशीस सर्वत्र काळा रंग का देऊ नये?
(इ) सांधा तपासण्याची रीत तुमच्या शब्दांत सांगा.

२. कारणे द्या.
(अ) स्लीपर दर पाच घरांनी टाकले, तर मार्ग बिघडतो.
(आ) फरशीवर ठसठशीत दगड काढू नये.

३. 'ज्याच्या हाती कुंचला, त्याचीच भूमी चित्रात उतरते.' या वाक्याचा आशय आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. वाक्यांत उपयोग करा : डोळ्यांत भरणे, धार चढणे, अवगत असणे.

५. समास ओळखून विग्रह करा : रानावन, मायबहिणी, अदलाबदल.

६. उपक्रम : आपल्या गावाच्या शिवारातील कोणतीही एक वस्तू निवडून तिची फरशी काढा. वर्गातील सर्वांच्या फरश्या भिंतीवर शेजारी शेजारी लावा आणि कोठे सांधा जुळत नाही ते मिळून शोधा.