पदकावरील मुखवटा व लेख

यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातील बारा धोंडे गिलगालात उभे केले. पुढे मुलांनी त्यांचा अर्थ विचारावा, हा हेतू होता (यहोशवा ४). पोपमहाशयांची स्मरणपदके याच हेतूने घडविली जातात. त्यांचा संग्रह करणाऱ्याने प्रथम अर्थ विचारण्यास शिकले पाहिजे.

जबलपूर धर्मप्रांत १९५४ साली स्थापन झाला. त्याचे कॅथेड्रल प्रेषित पेत्र व पौल यांच्या नावे आहे. त्यांचा सण २९ जून रोजी येतो आणि याच सणाच्या सुमारास पोपमहाशयांचे वार्षिक पदक काढण्याची रोमची जुनी प्रथा आहे. १९६४ च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे यूखरिस्त परिषदेसाठी मुंबईस आले. त्या काळचे एखादे पदक आपल्या घरच्या पेटीत सापडले, तर ते कसे वाचावे?

१. दोन्ही बाजू पाहा. पुढे पोपमहाशयांचा मुखवटा व लॅटिन नाव, मागे प्रसंग असतो. 'आन्नो' या शब्दापुढील रोमन आकडा ख्रिस्ताब्द नसून त्यांच्या कारकिर्दीचे वर्ष असते. पॉल सहावे जून १९६३ मध्ये निवडले गेले. म्हणून मुंबईभेट दुसऱ्या वर्षात पडते.

२. पोपचा काळ तोच पदकाचा काळ, असे समजू नका. आरंभीची पदके साच्यात ओतलेली असत, पुढे ठसा मारून ती होऊ लागली. जपून ठेवलेल्या जुन्या ठशांवरून नंतरच्या शतकांतही पदके काढली गेली. वजन, व्यास व कडा यांची नोंद ठेवा. पदक घासून उजळू नका. त्याने बारीक रेषा झिजतात. ते कोणी, कोठून आणले हेही लिहून ठेवा.

३. पदक साक्ष देते, न्याय देत नाही. ज्युलियस दुसरे यांनी १५०६ मध्ये संत पेत्राच्या नव्या मंदिराची कोनशिला बसविली. त्या वेळच्या पदकावर ब्रामांते याचा आराखडा दिसतो; प्रत्यक्ष मंदिर पुढे निराळे झाले. त्याहून कठीण उदाहरण १५७२ चे आहे. पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंट ख्रिस्ती बांधवांची कत्तल झाली आणि ग्रेगरी तेरावे यांच्या पदकावर एका हाती क्रूस, दुसऱ्या हाती तलवार घेतलेला देवदूत त्यांचा संहार करताना दाखविला गेला. असे पदक लपवावे काय? नाही. २३ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमध्येच पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्ती लोकांनी शुभवर्तमानाविरुद्ध वर्तन केल्याचे कबूल केले. जे विसरले गेले, त्याचा पश्चात्ताप कसा होणार?

प्रभूने नाणे दाखवावयास सांगून, हा मुखवटा व लेख कोणाचा, असे विचारले होते (मत्तय २२). संग्राहकानेही तोच प्रश्न विचारावा. मुंबईहून निघताना पॉल सहावे यांनी आपली मोटार मदर तेरेसांना दिली. त्यांनी तिची सोडत काढून पैसा कुष्ठरोग्यांच्या सेवेस लावला. ते स्मारक कोणत्याही धातूत नाही, तरी ते अधिक टिकाऊ आहे.

विचारासाठी : आपल्या घरातील कोणत्या स्मरणवस्तूचा अर्थ मुलांना ठाऊक नाही? तो सांगताना आपण कोणती कटू गोष्ट गाळतो?