मोटारीचा तळ आणि गंज

मोटारगाडी धुऊनपुसून चकचकीत ठेवणारे गृहस्थ पुष्कळ आढळतात. परंतु तिचा तळ वर्षांतून एकदां तरी वांकून पाहणारे विरळा. कोंकणपट्टींत चार महिने चिखल व बारा महिने खारी हवा. तेथें तळ तर सडतोच, पण ब्रेकचें तेल वाहणारी पोलादी नळी गंजून फुटली म्हणजे प्राणावर बेततें.

लोखंड कां गंजतें, याचा प्रयोग विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. पाणी उकळून त्यांतील हवा घालविली व वर तेलाचा थर दिला, तर आंतील खिळा स्वच्छ राहतो. अगदीं कोरड्या हवेंतलाही राहतो. गंजतो तो हवा व पाणी हीं दोन्ही लाभलेला. मीठ पाण्याची विद्युद्वाहकता वाढवून ही क्रिया शीघ्र करितें, इतकेंच. म्हणून खरा शत्रु वाहतें पाणी नव्हे. चाकांवरील कमानींत व सांध्यांत अडकलेला चिखल होय. तो ओल्या पोत्याप्रमाणें ओल धरून बसतो.

तेव्हां घरच्या घरीं करावयाचें पहिलें काम लेप लावणें हें नसून धुणें हें आहे. पावसाळा सरतांच गोड्या पाण्यानें चिखल काढावा. दारांच्या खालच्या कडेस पाणी निघून जाण्यासाठीं बारीक छिद्रें ठेवलेलीं असतात. तीं काडीनें मोकळीं करावीं. मग तळ पूर्ण वाळूं द्यावा, सुटा गंज तारेच्या ब्रशानें खरवडावा, उघड्या लोखंडास जस्तयुक्त अस्तर द्यावें आणि त्यावर पातळ असे दोन लेप द्यावे. जस्त स्वतः झिजून लोखंडास वांचवितें. सर हंफ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं जहाजांच्या तांब्याच्या तळास जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले, ते याच तत्त्वावर. (तांबें वांचलें खरें, पण त्यावर शिंपल्यांनीं वस्ती केली, हा भाग निराळा.)

पुष्कळ लोक गंजावरच डांबरी लेप फांसतात. शुभवर्तमानांतील चुना दिलेल्या कबरींची आम्हांस येथें आठवण होते. लेपास सूक्ष्म भेग पडते, तींतून पाणी शिरतें, पण बाहेर पडत नाहीं. आणि वरून काळा कुळकुळीत दिसणारा पत्रा आंतून कुजत जातो. कोणी इंजिनचें जुनें तेल फांसतात. त्यानें रबरी भाग फुगतात व जमीन नासते. धुराची नळी, ब्रेकच्या तबकड्या, रबर आणि वर सांगितलेलीं छिद्रें यांवर लेप मुळींच लागूं देऊं नये.

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही शिरूं नये, मग तो कितीही जाणता असो. सपाट, कठीण जमिनीवर भक्कम लोखंडी घोडे लावावे, जमिनीवरील चाकांस दगड द्यावे. मुलांनीं तर वडील माणसावांचून हें काम हातीं घेऊंच नये. आणि ब्रेकच्या नळीचे पापुद्रे निघूं लागले असतील, तर तिला रंग देत बसूं नये; गाडी कारागिराकडे उचलून न्यावी व नळी बदलून घ्यावी.