कोबी बारीक चिरण्याच्या सोप्या रीती

हिवाळ्यात सोलापूर जिल्ह्यातील आठवडी बाजारांत कोबीचे गड्डे मुबलक येतात. तथापि पुष्कळ घरांत कोबी जाड चिरून, भरपूर पाण्यात दीर्घकाळ शिजविला जातो. त्यामुळे भाजीस उग्र वास येतो, सरपण अधिक लागते आणि ‘क’ जीवनसत्त्वाचा बराच भाग नाहीसा होतो.

ज्वारीची भाकरी हे या भागाचे मुख्य अन्न होय. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले आहे. ज्वारीत लोह असते. परंतु धान्यातील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्वयुक्त पदार्थ असल्यास ते अधिक शोषले जाते. १०० ग्रॅम कच्च्या कोबीत हे जीवनसत्त्व सुमारे ३० मिलिग्रॅम असते. म्हणून भाकरीबरोबर कोबीची कच्ची पचडी असणे, विशेषतः स्त्रिया व मुले यांस, हितकारक ठरते. मात्र जाड चिरलेला कच्चा कोबी चावत नाही. तो बारीक चिरता येणे अगत्याचे आहे, ते याकरिता.

पूर्वतयारी : घट्ट व जड गड्डा निवडावा. बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकावीत. गड्ड्याचे देठापासून शेंड्यापर्यंत उभे चार भाग करावेत. अळी व मावा निघून जाण्यासाठी हे भाग दहा मिनिटे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावेत, नंतर स्वच्छ पाण्याने धुवून निथळावेत. चिरल्यानंतर कोबी धुऊ नये. जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. ओला भाग हातातून निसटतो, म्हणून तो फडक्याने पुसून घ्यावा.

विळीवर : पात्यास चांगली धार असावी. बोथट पात्यावर जोर करावा लागतो व बोट कापण्याचा संभव वाढतो. देठ आधी काढू नये. त्यामुळे पाने एकत्र राहतात व धरावयास मूठ मिळते. देठाकडून भाग धरून शेंड्याकडून आडवा चिरण्यास प्रारंभ करावा. बोटांची टोके आत वळवावीत. काड्यापेटीतील काडीपेक्षा धागा बारीक निघाला, म्हणजे काम साधले असे समजावे. देठ जवळ येताच थांबावे. काम संपताच विळी आडवी पाडून मुलांपासून दूर ठेवावी.

सुरीने : भागाची सपाट बाजू पाटावर टेकवावी, म्हणजे तो डुगडुगत नाही. पाने सुटी झाली असल्यास चार-पाच पानांची घट्ट सुरळी करून आडवी चिरावी.

किसणीवर : काम लवकर होते, परंतु पाणी सुटते. असा कीस थालीपिठास चांगला. पचडीस विळीचाच कोबी घ्यावा.

पचडी : पाव किलो चिरलेल्या कोबीस चहाचा अर्धा चमचा मीठ चोळून दहा मिनिटे ठेवावे, कोबी मऊ पडतो. सुटलेले पाणी फेकू नये. त्यातच शेंगदाण्याचे कूट, कोथिंबीर व लिंबाचा रस घालून वर मोहरीची फोडणी द्यावी. पचडी आयत्या वेळी करावी. चिरलेला कोबी वाऱ्यावर उघडा राहिल्यास जीवनसत्त्व घटत जाते.

भाजी करावयाची असल्यास याच कोबीस पाणी न घालता झाकण ठेवून वाफ द्यावी. ती थोड्याच मिनिटांत शिजते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळाच्या बैठकीत एकाच गड्ड्याचा अर्धा भाग जाड व अर्धा बारीक चिरून, दोन्हींची पचडी सर्वांस चाखावयास द्यावी. बारीक चिरण्याचा उपयोग भगिनींस त्यावरून सहज पटेल.