नजर वळविणारा भाऊ

प्रश्न : माझा तिशीतला भाऊ ऑटिस्टिक आहे. आई रडू लागली की तो तोंड फिरवतो. त्याला काहीच वाटत नाही का?

उत्तर : असा निवाडा देण्याची घाई करू नये. बॉस्टनच्या मेंदू-संशोधक नूशीन हाजीखानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली असे दाखविले की, चेहऱ्याच्या केवळ डोळ्यांवर दृष्टी खिळविणे भाग पाडले असता ऑटिस्टिक व्यक्तींच्या मेंदूतील अमिग्डाला या भावनांशी निगडित भागासह अंतःस्थ यंत्रणा, विशेषतः भयभीत मुद्रा समोर असताना, इतरांहून अधिक उद्दीपित होते. तेव्हा नजर वळविणे हा बेपर्वाईचा पुरावा नसून पुष्कळदा असह्य क्षोभापासून केलेला बचाव असतो. (वडीलधाऱ्यांपुढे नजर झुकविण्यास आपण अदब म्हणतोच की!) आईने रडण्याचे कारण त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे, ‘माझ्याकडे बघ’ ही सक्ती तेवढी तहकूब ठेवावी.