मोजावं मायेनं : लहान मुलांच्या फिजिओथेरपीतले कानमंत्र

पोरी, बोरीवलीत लहान मुलांसाठी थेरपी सुरू करतेयस, फार बरं वाटलं. व्यायाम तुला कॉलेजात शिकवलेत आणि हातही चांगला बसलाय, म्हणून त्याबद्दल काही सांगत नाही. सांगायचंय ते मोजण्याबद्दल. आपल्याकडे येणारा प्रत्येक पालक फिरून फिरून एकच विचारतो, "फरक पडतोय का हो?" त्यावर "छान चाललंय" एवढंच सांगून त्याला परत पाठवू नकोस. तो कामावर अर्धी रजा टाकून, मुलाला कडेवर घेऊन आलेला असतो. त्याला खरं उत्तर मिळायला हवं, आणि खरं उत्तर नीट मोजल्याशिवाय मिळत नाही. मावशीचं ऐक, यातल्या बहुतेक चुका आधीच होऊन गेल्यात. तुला त्या नव्याने करायची गरज नाही.

मोजायला बसण्याआधी

१. मूल आलं की लगेच मॅटवर घेऊ नकोस, पाच-दहा मिनिटं आईच्या मांडीवरच राहू दे – कोणत्या हाताने खेळणं ओढतं, मान कुठे वळवतं, पाय कसे झाडतं हे तेवढ्यात न मागता दिसतं. आधी नजर, मग हात, शेवटी आकडा.

२. भूक, झोप आणि ताप यांची चौकशी झाल्याशिवाय असेसमेंट सुरू करू नकोस – विरार लोकलच्या गर्दीतून आलेलं, दुधाची वेळ चुकलेलं मूल जमणारी गोष्टही करत नाही, आणि कागदावर मात्र 'जमत नाही' अशी नोंद होते.

३. फिट्सचं औषध बदललंय का, बोटॉक्स दिलंय का, प्लास्टर कधी निघालं, हे तारखेसकट लिहून ठेव – पुढच्या वेळी आकडा हलला तर कशाने हलला ते कळायला हवं.

४. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर दोन वर्षांपर्यंत दुरुस्त केलेलं वयच धर – बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं सहा महिन्यांचं बाळ आपल्या हिशेबात जेमतेम चार महिन्यांचं असतं. ते बसत नाही म्हणून आईला घाबरवलंस तर तो तिच्यावर अन्याय होईल.

५. आईला "काय जमत नाही?" असं विचारण्याआधी "घरी काय काय करतो?" असं विचार – पहिल्या प्रश्नाने तिचे डोळे भरतात, दुसऱ्याने ती बोलती होते आणि निम्मी माहिती तिच्या बोलण्यातूनच मिळते.

६. "आमच्याकडे सगळे उशिराच चालतात" असं आजी म्हणाली तर हसू नकोस, पण त्यावर विसंबूही नकोस – जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अभ्यासात दिल्लीची मुलंही होती. त्यात निरोगी मुलं साधारण आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही एकटी चालू लागलेली दिसली. म्हणून चौदाव्या महिन्यात धीर धर, पण अठरावा उलटला की वाट बघत बसू नकोस.

७. रांगणं गाळून थेट उभं राहिलेल्या मुलावर लगेच शिक्का मारू नकोस – त्याच अभ्यासात शंभरातली चारेक निरोगी मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नव्हती. दोन्ही बाजू सारख्या चालतात का, पाय ताठ होतात का, सतत चवड्यावर चालतं का, ते आधी बघ.

पट्टी निवडताना

८. चाळणी चाचणीने प्रगती मोजू नकोस – त्रिवेंद्रमच्या विकास-चाळणी तक्त्यात दोन वर्षांपर्यंतच्या सतरा खुणा असतात. वयावर पट्टी उभी धरली की पाच मिनिटांत कळतं, पण कळतं ते एवढंच की या मुलाकडे नीट बघायला हवं.

९. अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या तपासणीची चिठ्ठी पालकांनी आणली तर फाइलला लाव – २०१३ मध्ये आपल्याच लाइनवरच्या पालघरला अंगणवाड्या-शाळांतली मुलं तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली, आणि पहिली शंका कोणत्या वयात आली ते बऱ्याचदा अशा चिठ्ठीतच सापडतं.

१०. तीन ते पाच महिन्यांच्या बाळाबद्दल शंका असेल तर त्याला उताणं झोपवून, जागं आणि शांत असताना, वरून काही मिनिटांचा व्हिडिओ घ्यायला सांग – या वयात अंगभर चालणाऱ्या बारीक, गोलसर हालचाली दिसायला हव्यात. समोर खुळखुळा वाजत असेल किंवा तोंडात चोखणी असेल तर त्या ओळखता येत नाहीत, आणि त्या वाचायला तसं शिक्षण घेतलेली नजरच लागते.

११. हॅमरस्मिथची बाळांची तपासणी हाताशी असू दे – दोन महिने ते दोन वर्षं या वयासाठी सव्वीस बाबी, एकूण ७८ गुण, आणि महागडी पेटी लागत नाही. डाव्या-उजव्यातला फरक मात्र वेगळा लिही, बेरजेत तो हरवतो.

१२. अल्बर्टा स्केल मूल चालायला लागेपर्यंतच वापर – त्यातल्या अठ्ठावन्न खुणा पालथं, उताणं, बसलेलं आणि उभं अशा चार स्थितींतल्या आहेत. मूल सुटं चालू लागलं की त्या पट्टीकडे सांगण्यासारखं काही उरत नाही.

१३. आपल्या मुलांसाठी बेतलेली पट्टी हवी असेल तेव्हा डासी आठव – प्रमिला फाटक यांनी बडोद्यात ती भारतीय बाळांसाठी घडवली. तीस महिन्यांपर्यंतच्या या चाचणीत मोटर विकासाच्या सदुसष्ट बाबी आहेत. ठोकळे मात्र तिच्या पेटीतलेच वापर, दुकानातले आणून चालत नाहीत.

१४. सीपीच्या (सेरेब्रल पाल्सीच्या) मुलाची जीएमएफसीएसची, म्हणजे मोठ्या हालचालींच्या वर्गवारीची, पातळी सांगताना ते घरी आणि शाळेत रोज काय करतं ते बघ – १९९७ पासूनच्या या पाच पातळ्या वर्गवारीसाठी आहेत. 'तिसरीतून दुसरीत आणून दाखवतो' असं पालकांना कोणीही सांगू नये, तूही नाही.

१५. प्रगती बघायला जीएमएफएम, म्हणजे मोठ्या हालचालींची मोजणी, घे – १९८९ मध्ये कॅनडात तयार झालेल्या या चाचणीच्या अठ्ठ्याऐंशी बाबी आडवं पडण्यापासून उडी मारण्यापर्यंत पाच भागांत मांडल्या आहेत. मुलाला जास्तीत जास्त काय जमतं ते ती सांगते, आणि रोज ते काय करतं ते जीएमएफसीएस.

१६. ड्यूशेनच्या, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणाऱ्या आजाराच्या, मुलाला सीपीची पट्टी लावू नकोस – त्याच्यासाठी नॉर्थ स्टार आहे, सतरा बाबी आणि ३४ गुण. तिथे आकडा टिकून राहिला तरी तो दिलासा असतो.

१७. ॲशवर्थची श्रेणी सुधारली म्हणून मूल सुधारलं असं धरू नकोस – स्नायूचा ताठरपणा कमी होणं वेगळं आणि त्या पायाने जिना चढणं वेगळं. आईला जिनाच हवा असतो.

मोजताना

१८. जीएमएफएम आधी अनवाणी घे, बूट घालून किंवा वॉकर धरून घ्यायची असेल तर ती नोंद वेगळी ठेव – नाहीतर पुढच्या वेळी वाढलेले गुण मुलाचे की बुटाचे, हे तुलाही सांगता येणार नाही.

१९. 'केलं नाही' आणि 'बघितलंच नाही' या दोन गोष्टी एका रकान्यात घालू नकोस – शून्य म्हणजे मुलाने सुरुवातही केली नाही. जे तपासलं नाही तिथे 'तपासलं नाही' असंच लिही, नाहीतर तुझा कंटाळा मुलाच्या नावावर चढतो.

२०. दहा सेकंद म्हणजे दहाच – एका पायावर, हात मोकळे ठेवून उभं राहताना मूल नऊ सेकंदांनी डुगडुगलं तर पूर्ण गुण नाहीत, कितीही गोड हसलं तरी. मायेनं वाढवलेला आकडा पुढच्या खेपेला मायेनंच रडवतो.

२१. तीन संधी दे, करून दाखव, "शाब्बास" म्हण, पण कमरेला बोटही लावू नकोस – तुझं एक बोट म्हणजे त्याचा अर्धा तोल.

२२. सूचना घरच्या भाषेत दे – बोरीवलीत एका सकाळी मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही घरांतली मुलं येतात. 'उडी मार' न कळलेलं मूल उडी न येणारं ठरू नये.

२३. शक्यतो तीच खोली, तीच वेळ आणि मोजणारी व्यक्तीही तीच असू दे – मुलाची उंची आपण दरवर्षी त्याच दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून बघतो, तसंच हे.

२४. गुण त्याच दिवशी लिही, मूल दाराबाहेर पडायच्या आत – लिहिलं ते राहिलं, उद्यावर टाकलं ते सांडलं.

घर, जिना आणि रस्ता

२५. चालण्याबद्दल विचारताना पाच, पन्नास आणि पाचशे मीटर अशी तीन अंतरं वेगळी विचार – फंक्शनल मोबिलिटी स्केल हेच करते. स्वयंपाकघरापर्यंत भिंत धरून जाणारं मूल शाळेत वॉकरवर आणि स्टेशनजवळच्या बाजारात व्हीलचेअरवर असू शकतं, आणि यातलं प्रत्येक उत्तर खरं असतं.

२६. मांडी घालून जेवणं आणि संडासात उकिडवं बसून पुन्हा उठणं यांची ओळ वेगळी लिही – एकूण गुणांत या गोष्टी दिसेनाशा होतात, पण मुलाची घरातली इज्जत त्यांच्यावरच असते.

२७. एक ध्येय घरच्यांबरोबर ठरव आणि त्याच्या पाच पायऱ्या आधीच लिहून काढ, उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत – "गणपतीच्या आरतीला हात न धरता उभं राहायचं" असं ध्येय असेल तर किती वेळ उभं राहिलं म्हणजे शून्य, ते आजच ठरलेलं असावं. सोयीने नंतर ठरवलेलं यश कोणाच्याच कामाचं नाही.

२८. सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घ्यायला लांब कॉरिडॉर नसेल तर इमारतीखालच्या पार्किंगची जागा चालेल, पण तिची लांबी टेपने मोजून लिही – वळणं वाढली की अंतर कमी भरतं, आणि जागा बदलली तर तुलना बाद.

आकडा सांगताना

२९. आधी गोष्ट सांग, मग गुण सांग – "आता तो टेकू न घेता बसून दोन्ही हातांनी खेळतो" हे ऐकलेल्या आईला आकड्याचा अर्थ लागतो. उलट क्रमाने सांगितलंस तर तिच्या लक्षात फक्त टक्के राहतात.

३०. जीएमएफएमचे टक्के आणि अपंगत्वाच्या दाखल्यावरचे टक्के यांची गल्लत होऊ देऊ नकोस – दाखला सरकारी वैद्यकीय अधिकारी त्यांच्या नियमांनी देतात. आपल्या चाळीसवरून 'म्हणजे साठ टक्के अपंग' असं गणित घरी गेलं की निस्तरायला महिने लागतात.

३१. वाढ मंदावली तर पालकांना दोष देऊ नकोस, स्वतःलाही नको – २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीपीच्या वाढरेषांनुसार जीएमएफसीएसच्या पहिल्या पातळीची मुलं आपल्या क्षमतेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पाचव्या वर्षाच्या आसपास पोचतात, पाचव्या पातळीची तीन वर्षांच्या आतच. म्हणून सुरुवातीचे महिने मोलाचे, आणि नंतर जमलेलं टिकवणं हेही कामच आहे.

३२. मूल मोठं झालं म्हणून मोजणं सोडू नकोस – तिसऱ्या ते पाचव्या पातळीची मुलं वयात येताना जमलेलं गमावू शकतात. उंची आणि वजन वाढतं, स्नायू आखडतात, आणि घसरण वेळीच दिसली तर उपाय करता येतो.

३३. दोन वेळा मोजूनही काही हललं नाही तर आधी थेरपी बदलून बघ, मुलाला आळशी म्हणू नकोस – अडलेला आकडा प्रश्न विचारत असतो, आणि तो तुला विचारत असतो.

३४. बाहेर बाकावर बसलेल्या दोन मुलांचे गुण एकमेकांच्या कानावर पडू देऊ नकोस – पट्टी मुलाला त्याच्याच कालच्याशी जोडते. शेजारच्याशी जोडली की ती काठी होते.

३५. प्रत्येक अहवालाची प्रत पालकांच्या हातात दे – उद्या ते हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत जातील, परळच्या वाडिया रुग्णालयात जातील किंवा नव्या शाळेत जातील. तिथल्या माणसाला मुलाची सुरुवात कळली तर मुलाला सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही.

एवढं सगळं एका दिवसात अंगवळणी पडायचं नाही, आणि पडावं असंही नाही. एक चाचणी नीट शिक, तिची पुस्तिका पुन्हा पुन्हा वाच, आणि मोठ्या माणसाच्या शेजारी बसून तेच मूल दोघींनी वेगवेगळं मोजून बघा. गुण जुळले की मग दुसरी चाचणी हातात घे. उद्या सकाळी जे पहिलं मूल येईल त्याच्या केसपेपरवर तारीख, दुरुस्त वय, चाचणीचं नाव आणि आजचे गुण एवढ्या चार गोष्टी स्वच्छ अक्षरात लिही. सहा महिन्यांनी त्याची आई विचारेल, तेव्हा तिला खरं उत्तर दे.