सात साध्या गोष्टी

दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका कार्यक्रमात ‘सुख’ या विषयावर व्याख्यान झाले. वक्ते चांगले बोलत होते. ओघात ते म्हणाले, “अमेरिकेत संशोधनाने सिद्ध झाले आहे की लॉटरी लागलेला मनुष्य आणि अपघाताने लुळा पडलेला मनुष्य, वर्षभराने दोघेही सारखेच सुखी असतात. शेवटी सुख हे मानण्यावर आहे!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मला मात्र टाळी वाजवता आली नाही. विहिरीच्या कामावर पडून माझ्या वडिलांचे कमरेखालचे अंग गेले, त्याला तेव्हा चार वर्षे झाली होती.

पुढे मानसशास्त्र हा विषय घेतला, तेव्हा सरांच्या मदतीने ते मूळ संशोधन मिळवून वाचले. फिलिप ब्रिकमन, डॅन कोट्स आणि रॉनी जॅनॉफ-बुलमन या तिघांचा तो निबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला. इलिनॉय राज्याच्या लॉटरीत पन्नास हजार ते दहा लाख डॉलर मिळवलेली २२ माणसे, त्याच भागातील सर्वसाधारण २२ माणसे आणि अपघाताने अपंगत्व आलेली २९ माणसे, एवढ्यांना त्यांनी प्रश्न विचारले. ‘सध्या आपण किती सुखी आहात?’ याचे उत्तर शून्य ते पाच या अंकांत द्यावयाचे होते. विजेत्यांची सरासरी आली ४.००, सामान्यांची ३.८२ आणि अपघातग्रस्तांची २.९६.

वाचकहो, हे तीन आकडे सारखे आहेत काय? विजेते आणि सामान्य यांच्यात म्हणण्यासारखे अंतर नाही, ही गोष्ट खरी. परंतु अपघातग्रस्त स्पष्टपणे खाली आहेत. आश्चर्य इतकेच, की ते आपल्याला वाटले असते तितके खाली नाहीत. शिवाय प्रत्येकाला एकदाच विचारलेले आहे. अपघातापूर्वी त्याच माणसाने काय उत्तर दिले असते ते कोणीच मोजलेले नाही. ‘वर्षभराने सारखे’ हे वाक्य त्या निबंधात शोधून सापडत नाही. ते व्यासपीठांवरून फिरता फिरता गुळगुळीत झालेले आहे.

पण त्या निबंधाचा खरा गाभा पुढे आहे, आणि त्याच्याकडे व्याख्यात्यांचे लक्ष जात नाही. संशोधकांनी सात साध्या गोष्टी निवडल्या: मित्राशी बोलणे, दूरदर्शन पाहणे, न्याहारी करणे, विनोद ऐकणे, कोणी केलेली स्तुती, मासिक वाचणे आणि कपडे खरेदी करणे. या प्रत्येकीत किती आनंद वाटतो, असे विचारले. सामान्यांची सरासरी ३.८२, अपघातग्रस्तांची ३.४८ आणि लॉटरीवाल्यांची ३.३३! ज्यांच्या घरी लक्ष्मी चालून आली, त्यांनाच न्याहारी सर्वांत बेचव लागत होती.

असे का व्हावे? निबंधात दोन कारणे मांडली आहेत, तुलना आणि सवय. वजने उचलण्याच्या प्रयोगात आधी एक फार जड वजन उचलले, तर नंतरची सारी वजने हलकी भासतात. एकदा फार मोठा आनंद झाला की मनाचा काटा त्याच्याशी जुळवला जातो आणि लहान आनंद त्यावर उमटेनासे होतात, ही झाली तुलना. सवयीचे काम धिमे. नव्या घराचा, नव्या गाडीचा आनंद ती रोज थोडा थोडा कुरतडते. वसतिगृहात राहणाऱ्यांना हे शिकवावे लागू नये. सुट्टीत घरी गेल्यावर तव्यावरच्या पहिल्या भाकरीला जी चव असते, ती आठव्या दिवशी कुठे राहते? भाकरी तीच, चूलही तीच.

याचा अर्थ पैसा निरुपयोगी, असा कोणी काढू नये. बावीस माणसे म्हणजे फार थोडी. २०२० साली स्वीडनमधील लॉटरी-विजेत्यांचा कितीतरी मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठे बक्षीस मिळालेल्यांचे आयुष्याविषयीचे समाधान दहा वर्षांनंतरही टिकून असल्याचे त्यात दिसले; रोजच्या मनःस्थितीवरचा परिणाम मात्र त्या मानाने कमी होता. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. आयुष्याचा हिशेब मांडताना पैसा जमेच्या बाजूस दिसतोच. सकाळच्या चहाची गोडी हे खातेच वेगळे. आणि म्हणूनच गरिबाला किंवा अपंगाला ‘लहान गोष्टींत सुख माना’ असे वरून सांगणे मला उद्धटपणाचे वाटते. ज्याला औषधाची भ्रांत आहे त्याला आधी औषध द्यावे.

गेल्या दिवाळीत ती सात गोष्टींची यादी मी अण्णांना वाचून दाखवली. त्यांनी ती गंमत म्हणून ऐकली, पण उत्तरे विचार करून दिली.

“न्याहारीला पाच लिही. तुझी आई चहा कडक करते.”

“मासिक?”

“पेपरला चार. टीव्हीला दोन. कपड्यांचं सोड.”

“मित्राशी बोलणं?”

“पाच. पण मित्र किती वेळ बसतो, ते नाही विचारलं तुझ्या साहेबानं.”

मी थक्क झालो. खरोखरच तो प्रश्न त्या निबंधात नाही! सातांपैकी दोन गोष्टी, गप्पा आणि स्तुती, दुसऱ्या माणसावाचून होतच नाहीत. विनोदालाही बहुधा सांगणारा लागतो. पहिल्या वर्षी आमच्या ओसरीवर माणसे मावत नसत. आता संध्याकाळी शेजारचे तात्या तेवढे येतात. आनंद घेण्याची शक्ती अण्णांच्या ठायी शाबूत आहे. ती वापरण्याचे प्रसंगच कमी झाले आहेत.

आणखी एक गोष्ट जुळली. त्या निबंधातील अपघातग्रस्तांनी आपला भूतकाळ इतर दोन्ही गटांपेक्षा अधिक सुखाचा म्हणून सांगितला होता. संशोधकांनी त्याला गतकाळाची ओढ म्हटले आहे. अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “रात्री पाण्याची पाळी आली की दारं धरायला जायचो. गार पाणी पायावरनं जायचं. त्याला किती द्यायचे?”

“ते यादीत नाही, अण्णा.”

“मग यादी अर्धीच हाय.”

मी खाली आठवी ओळ ओढली आणि ‘पाटाचे पाणी’ असे लिहिले. पुढचा आकडा त्यांनी मला लिहू दिला नाही. तेवढ्यात तात्यांच्या चपला वाजल्या, आणि अण्णांनी आईला आणखी एक कप टाकायला सांगितला.