नेमकी कशाची आशा धरायची?

प्रश्न : यजमानांचा कर्करोग आता बरा होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. भेटायला येणारे सगळे ‘आशा सोडू नका’ म्हणतात. पण कशाची आशा धरू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. ‘कशाची’ हे ठरल्याशिवाय आशेला आधार मिळत नाही. कॅन्सस विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी १९९१ मध्ये आशेचे दोन भाग मांडले : हव्या त्या गोष्टीपर्यंत पोहोचण्याचे मार्ग सुचणं, आणि त्या मार्गाने जाण्याचं बळ आपल्यात आहे असं वाटणं. ‘सगळं ठीक होईल’ हा दिलासा यात कुठेच बसत नाही.

म्हणून यजमानांनाच विचारा. त्यांची आशा तुमच्यापेक्षा वेगळी असू शकते. कुणाला रात्री शांत झोप हवी असते, कुणाला गावच्या घरी जायचं असतं, कुणाला भावाशी तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू करायचं असतं. मुलांच्या काळजीपोटी बँकेची कागदपत्रं मार्गी लावावीत, हीसुद्धा खरी आशा आहे. प्रकृतीनुसार ती बदलेल, बदलू द्या.

दुखणं असेल तर मात्र आधी त्याकडे लक्ष द्या. वेदनेने पिळवटलेल्या माणसाला पुढचं काही सुचत नाही. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांना भेटा. ही सेवा इतर उपचारांसोबतही घेता येते. तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या देतात. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने त्या मिळण्यातले अडथळे कमी केले आहेत.

आणि ‘आशा सोडू नका’ म्हणणाऱ्यांना एखादी दुपार यजमानांजवळ बसायला सांगा. तेवढा वेळ तुम्ही झोपा.